नळीतून उतरलेली भाकर

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) महिला मंडळाचं एक दिवसाचं शिबिर झालं. मला वीस मिनिटं दिली होती, विषय 'आत्मिक पोषण'. मी सदतीस वर्षं नर्स होते, त्यामुळे पोषण, लस, बीपी असा कुठलाही शब्द आला की मंडळीला माझीच आठवण येते. मी उभी राहिले, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढला, "रोज वाचा, रोज प्रार्थना करा, उपासना चुकवू नका" असं बोटांवर मोजून सांगितलं आणि अकराव्या मिनिटाला खाली बसले. चहा लवकर मिळाला म्हणून बायका खूश. एकजण तर म्हणाली, "सिस्टर, छान आटोपशीर घेतलंत."

रिक्षात बसल्यावर मात्र मला माझीच चीड आली. सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण माझ्या आयुष्यात एक वर्ष असं गेलं की यातलं एकही मी धड करत नव्हते, आणि तरी उपाशी मेले नाही. ते सांगायचं सोडून मी आहाराचा तक्ता वाचून दाखवला. आज लिहितेय ते त्या उरलेल्या नऊ मिनिटांचं.

आधी आजी.

माझं आजोळ वडाळ्याचं, नेवासा तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनच्या काळापासून लोक त्याला वडाळा मिशनच म्हणतात. (नेवासा म्हटलं की सगळ्यांना ज्ञानेश्वरांचा खांब आठवतो. आजीलाही त्याचा अभिमान होता. "आमच्या तालुक्यातला आहे" असं ती पाहुण्यांना सांगायची, जणू तिनेच रोवला होता.) आजी शाळेत गेलेली नव्हती. लग्नानंतर एका बायबल बाईने तिला अक्षरं शिकवली. मिशनने नेमलेल्या अशा बायका असायच्या, वस्त्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना वाचायला शिकवायच्या, आणि शिकवायला पुस्तक एकच. त्यामुळे आजीला मराठी वाचता यायचं म्हणण्यापेक्षा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता यायचं असं म्हटलेलं बरं. वर्तमानपत्र हातात दिलं की दुसऱ्या ओळीला अडायची.

सकाळच्या भाकरी झाल्या की विझत्या चुलीपाशीच ती बसायची. उजव्या हाताचं बोट ओळीवर आणि ओठ हलताहेत. मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलंच नाही. एक ओळ तीनतीनदा. शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेची पानं त्या बोटाने कडेला काळपट झाली होती, पीठ आणि राख दोन्ही त्यात. मग पुस्तक फडक्यात गुंडाळून फळीवर, आणि ती ओळ घेऊन बाई शेतावर. खुरपताना तीच ओळ ऐकू यायची, कधी अर्धीच, कधी नुसता शेवटचा शब्द. मी एकदा विचारलं, "आजी, काय पुटपुटतेस?"

"रवंथ करतेय," म्हणाली, आणि खुरपं चालूच.

पुष्कळ वर्षांनी नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) एका बायबल अभ्यासात पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) सांगितलं, की पहिल्या स्तोत्रात ज्याचं भाषांतर 'मनन' असं केलंय तो मूळ हिब्रू शब्द 'हागा'. त्याचा अर्थ पुटपुटणं, तोंडातल्या तोंडात बोलणं. आणि यशयाच्या पुस्तकात हाच शब्द शिकार पुढ्यात घेऊन गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मला हसू आवरेना, कारण माझ्या डोळ्यांपुढे नऊवारीतली, दात पडलेली, एका ओळीवर गुरगुरणारी आजी आली.

भाकरीचंही तिच्याकडूनच शिकले. मराठी शास्त्रात येशू म्हणतो, 'मी जीवनाची भाकर आहे.' येशू रानात लोकांना जेवू घालतो तेव्हा एका पोराकडे असतात त्या जवाच्या पाच भाकरी. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही रोज म्हणतो, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' आमच्यासारख्या ज्वारी-बाजरीच्या मुलखातल्या पोरांना यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. भाकर म्हणजे भाकर, टोपल्यातली. उलट पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीच्या) ताटलीत पावाचे पांढरे चौकोनी तुकडे पाहिले तेव्हा मला वाटलं, पाळकांच्या घरी आज भाकरी केल्या नसतील.

सातआठ वर्षांची असताना मी आजीला विचारलं होतं, मागायचीच आहे तर पुरणपोळी का नाही मागायची? ती म्हणाली, "रोज पुरणपोळी खाऊन बघ. चौथ्या दिवशी पोट धरून बसशील, आणि पाचव्या दिवशी पुरणाचं नाव काढणार नाहीस."

('रोजची' या शब्दाबद्दल एक गंमत. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो इतरत्र जवळजवळ सापडतच नाही. रोजची, गरजेपुरती, उद्याची, असे त्याचे वेगवेगळे अर्थ पंडित सांगतात. दोन हजार वर्षं सगळं जग जी प्रार्थना करतंय तिच्यातल्या एका शब्दाचा अर्थ नक्की नाही आणि कोणाचं काही अडलेलं नाही. मला हे फार आवडतं.)

आता त्या वर्षाकडे.

जून २०१६ मध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणंही गेलं. पाणी दिलं की ठसका, ठसक्यातून न्यूमोनिया. तीन आठवड्यांनी राइल्स ट्यूबसकट आम्ही तिला घरी आणलं. नाकातून पोटात जाणारी नळी. ती घालणं, तिच्यातून खाऊ घालणं मी हजारदा केलं होतं, शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून शिकवलं होतं. पण वॉर्डात पेशंटला देणं वेगळं आणि जिने आपल्याला भरवलं तिला देणं वेगळं.

दर दोन तासांनी दोनशे मिली. नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं पाणी, दूध, ताक, सगळं मलमलच्या कापडातून दोनदा गाळून, कारण एक कण अडकला की नळी बंद. आधी डोक्याकडची बाजू उंच करायची. मग सिरिंजने थोडं ओढून बघायचं, नळी पोटातच आहे ना. मग सिरिंजचा दांडा काढून नुसतं नळकांडं नळीला लावायचं, त्यात ओतायचं आणि हात वर धरून उभं राहायचं. ढकलायचं नाही. नवशिक्या मुली हमखास इथे चुकतात, घाई असते, दांडा घालून दाबतात. आपल्या वजनाने जेवढ्या वेगात उतरेल तेवढ्याच वेगात उतरू द्यायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेवटी पाणी, नळी धुवायला. त्यानंतर अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. हे रात्री अकरा ते पहाटे पाच सोडून दिवसभर. मी ड्यूटीवर असले की माझे मिस्टर करायचे. बँकेतला माणूस, पण महिनाभरात माझ्यापेक्षा सफाईने करायला लागला.

आईला चव लागत नव्हती. जिभेला काही लागतच नव्हतं ना. चावणं नाही, गिळणं नाही, भूक लागली म्हणणं नाही, पोट भरलं म्हणणं नाही. वजनकाट्यावर तिला उभं करता येत नव्हतं, म्हणून मी दर रविवारी तिच्या डाव्या दंडाचा घेर टेपने मोजून कॅलेंडरवर लिहायची. साडेबावीस सेंटिमीटर. कधी बावीस. परत साडेबावीस.

माझी प्रार्थना नेमकी कधी बंद पडली ते सांगता येणार नाही. देवावर रागावून वगैरे नाही. रागवायलाही ताकद लागते. रात्री गुडघ्यावर यायचे, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हणायचे आणि कपाळ पलंगाच्या कडेला टेकून झोप लागायची. मग गुडघ्यावर येणंही राहिलं. शास्त्र उघडलं की अक्षरं दिसायची, पण दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखी. रविवारी बहुतेक वेळा मी ड्यूटी मागून घ्यायची. मंडळीत लोक "आई कशी आहे" विचारतात आणि उत्तर रोज तेच.

त्याच दिवसांत माझ्या फोनवर रोज तीसचाळीस वचनं यायची. गुलाबाच्या फुलावर वचन, उगवत्या सूर्यावर वचन, वाफाळत्या कपावर वचन. पाठवणारी माणसं प्रेमाचीच होती, त्यांना नावं ठेवत नाही. पण भरल्या ताटाचे फोटो उपाशी माणसाला पाठवावेत तसं व्हायचं.

एकदा एका मैत्रिणीने ओढून मला एका मोठ्या मंडपातल्या सभेला नेलं. तीन तास. भोंगे, ड्रम, रडणं, ओरडणं. वक्ता म्हणाला, घरातलं आजारपण हटत नसेल तर आपला विश्वास तपासून पाहा. मी तिथल्या तिथे मनात म्हटलं, बाबा, तू माझ्या आईचा सीटी स्कॅन तपासून पाहा. घरी येऊन अर्धशिशीने दोन दिवस पडून होते.

त्या माणसाचा राग आता राहिलेला नाही, पण नर्स म्हणून एक सांगते. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावूसुद्धा शकतो. थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं, मग थोडं वाढवायचं. हे आम्हाला पुस्तकात शिकवलं, पण राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात ते कधीचं लिहिलेलं आहे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो, झुडपाखाली बसून देवाला म्हणतो आता पुरे, माझा जीव घे, आणि झोपी जातो. देवदूत येतो. काय करतो? उपदेश नाही, विश्वास तपासणं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली एक भाकर आणि पाण्याचं भांडं. उठवतो, खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. त्यावरही देवदूत काही बोलत नाही. नंतर पुन्हा उठवतो, पुन्हा खा म्हणतो, तुला लांब जायचंय. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर चाळीस दिवसांनी, डोंगरावर, आणि तेही हळू आवाजात. वॉर्डात इतका शहाणा माणूस क्वचितच भेटतो.

माझ्याकडे आलेला देवदूत एकोणऐंशी वर्षांचा होता आणि त्याच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता.

आमच्याच भागात दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या या मावशी. केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, म्हणून सगळे त्यांना केडगावच्या मावशी म्हणतात. (नगरजवळही एक केडगाव आहे, त्यामुळे दरवेळी दौंडकडचं असं सांगावं लागतं.) आई घरी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या संध्याकाळी साडेसहाला आल्या. सलाम केला, आईच्या खाटेजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली, पिशवीतून शास्त्र काढलं आणि एक स्तोत्र वाचलं. वाचणं कसलं, रेल्वे स्टेशनवरची घोषणा. चढ नाही, उतार नाही, पूर्णविरामाला थांबणं नाही. मग प्रभूची प्रार्थना. मग "बरं, येते." दहा मिनिटंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चहा घ्यायच्या नाहीत. आई कशी आहे विचारायच्या नाहीत, समोरच तर होती.

त्यांच्या पिशवीतलं शास्त्र रमाबाईंनी केलेलं भाषांतर होतं. रमाबाई संस्कृतच्या एवढ्या गाढ्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पण आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, बोजड शब्द काढून टाकत, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र उतरवत बसल्या होत्या. दुष्काळात वाचवून आणलेल्या मुली-बायकांनीच मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये पुरं छापून निघालं. मला हे गाळण्यासारखंच वाटतं. पंडिताईचा एक कण राहिला तरी नळी अडेल, म्हणून पुन्हा पुन्हा कापडातून काढायचं.

चारपाच महिने झाले असतील. डिसेंबरमधली गोष्ट, बाहेर नाताळच्या चांदण्या लागलेल्या. त्या दिवशी मी फार चिडचिडी होते. मावशींचं वाचून झालं आणि मी म्हटलं, "मावशी, खरं सांगू? मी ऐकत नाही. माझं लक्षच नसतं. तुम्ही वाचता तेव्हा मी उद्याच्या ड्यूटीचा विचार करते. कशाला रोज एवढं चालत येता?"

मी तेव्हा आईला पावणेसातचं देत होते. हात वर, नळकांड्यात नाचणी हळूहळू उतरतेय. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं.

"तिला चव लागती का?"

"नाही."

"मग कशाला देतीस?"

आणि पिशवी उचलून, "बरं, येते," म्हणून त्या गेल्या. मी तशीच उभी. नळकांडं रिकामं झालं, हवा आत जायला नको म्हणून नळी चिमटीत धरायची असते, तेही सुचलं नाही क्षणभर.

त्यानंतर मी एकदम भक्तीत भिजले असं काही झालं नाही. पुढचे कित्येक महिने तसेच गेले. फक्त मावशी वाचायच्या तेव्हा मी उद्याच्या ड्यूटीचा विचार निवांतपणे करायला लागले, अपराधी वाटणं बंद झालं. आणि एका रात्रपाळीला, पहाटे तीनच्या सुमारास, आयसीयूच्या बाहेर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. नवरा आत. दोन रात्री तिने डोळ्याला डोळा लावला नव्हता. झोपले तर काहीतरी होईल ही भीती. मी तिला म्हटलं, "बाई, तुम्ही झोपा. जो राखतोय तो डुलकी घेत नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग खरोखर पदर डोक्यावर घेऊन आडवी झाली. नर्सिंग स्टेशनवर परत येऊन मी खुर्चीत बसले आणि मला कळेना की हे वाक्य माझ्याकडे आलं कुठून. ते स्तोत्र १२१ होतं, मावशींनी त्या आठवड्यात घोषणा केल्यासारखं वाचलेलं, आणि मी तर तेव्हा रजेच्या अर्जाचा विचार करत होते.

माझ्या दंडाचा घेर कोणी मोजत नव्हतं. मोजला असता तर साडेबावीसच भरला असता असं मला वाटतं.

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. तिला एक शब्द बोलता येत नव्हता. 'पाणी'सुद्धा नाही, माझं नावसुद्धा नाही. एका संध्याकाळी मावशींनी वाचायच्या ऐवजी ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं, त्याच घोषणेच्या आवाजात, सूर जेमतेम. आणि आईने दुसरी ओळ उचलली. शब्दांसकट. तिसऱ्या ओळीला शब्द संपले, नुसती चाल गुणगुणत राहिली. मेंदूतलं बोलण्याचं केंद्र गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत राहतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, दोनतीन पेशंट पाहिलेही होते. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. टिळक आमच्या नगरला कितीतरी वर्षं राहिले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला कोकणस्थ ब्राह्मण कवी. म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्याआधीची पुष्कळशी उपासनागीतं इंग्रजी चालींवर शब्द बसवलेली, म्हणताना जीभ अडखळायची. टिळकांनी अभंग, ओवी, पदं दिली, टाळ-पेटीवर म्हणता येतील अशी. आईच्या अंगात ती चाल साठ वर्षं मुरली होती. वाचा गेली, गिळणं गेलं, तरी ती तिथेच होती, हाडात कॅल्शियम असावं तशी.

आई ऑगस्ट २०१७ मध्ये गेली. शेवटपर्यंत तिला पडून राहून पाठीला एकही जखम झाली नाही, हे मी अजूनही ऐटीत सांगते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाळकसाहेबांनी विचारलं, प्रभुभोजनाची तयारी कराल का? आधी करणाऱ्या बाईंचे गुडघे गेले होते. मी हो म्हटलं, मुख्यत्वे हातांना काम हवं होतं म्हणून. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात द्राक्षं शिजतात. हंगामात काळी द्राक्षं किलोभर; साली फुटेपर्यंत उकळायची, डावाने चेचायची, मलमलच्या कापडातून गाळायची. (कापड तेच आहे, आईचं. टाकवलं नाही.) हंगाम नसला की काळे मनुके रात्रभर भिजवून. पावाच्या कडा कापून तुकडे करायचे, सगळ्यांना पुरतील एवढे पण चिमणीला टाकल्यासारखे बारीक नकोत. काचेचे छोटे पेले, एका ताटलीत चाळीस, अशा तीन ताटल्या. ओतताना हात हलला की ताटलीभर डाग. उपासनेनंतर एकशे वीस पेले हाताने धुवायचे. ब्रश आत जात नाही, करंगळीच घालावी लागते.

एकदाच यात खंड पडला. २०२० साली, लॉकडाउनमध्ये. ९ एप्रिलला, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या रात्री, पाळकसाहेब फोनवरून उपासना घेणार होते. आदल्या दिवशी सगळ्यांना निरोप आला की घरात जे असेल ते घ्या. आमच्याकडे मनुके होते, पाव नव्हता, बेकऱ्या बंद. ज्वारीचं पीठ होतं. मी दोन भाकरी केल्या. एकीतली अर्धी फडक्यात गुंडाळून, तोंडाला मास्क बांधून, दोन गल्ल्या चालून मावशींच्या फाटकावर ठेवून आले, शेजारी औषधाच्या बाटलीत द्राक्षरस. त्या खिडकीतून बघत होत्या. "कडक केलीस का मऊ?" एवढंच विचारलं, दात नाहीत त्यांना. म्हटलं, मऊ. रात्री फोन मेजावर ठेवून मी आणि मिस्टर बसलो. साहेबांनी भाकर मोडल्याचं वचन वाचलं आणि मी पहिल्यांदा शास्त्रातला शब्द आणि हातातली वस्तू एकच असताना ती मोडली. ती मोडताना आवाज होत नाही, नुसती भुगा सांडत फाटते. ज्वारीची गार भाकर घशाला लागते, पाण्याशिवाय उतरत नाही. मी बराच वेळ चावत बसले होते. साहेब तोवर शेवटच्या गीतावर पोहोचले.

मी मंडळीत सुचवून पाहिलं, कायमची भाकरच का नको? दोन वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली, म्हणून ते तिथेच राहिलं. त्यांचंही बरोबर असेल. एकशे वीस जणांच्या भाकरी थापायच्या कोणी, हा प्रश्न शेवटी माझ्याच ओट्याशी येणार होता.

उद्या शनिवार. मनुके भिजत घातलेत. त्यातले मूठभर नातवाने खाल्लेत, त्यामुळे रस थोडा पातळ होणार. परवा उपासना संपली की मी मागच्या खोलीत पेले धुवायला घेईन, आणि दरवेळेसारखी शब्बाथ शाळेतली (मंडळीच्या रविवारच्या मुलांच्या वर्गातली) चारपाच पोरं दारात येऊन उभी राहतील, चपला हातात, कोणी पुढे व्हायचं यावरून एकमेकांना ढकलत. पाळकसाहेब मंडळीला हात मिळवायला बाहेर गेलेले असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"सिस्टर काकू, उरलंय का?"

मी कापताना चार स्लाइस जास्तीच कापते.